भारतात जनसंपर्काचा व्यवसाय सरकारने सुरू केला की कंपन्यांनी?

भारतात जनसंपर्क हा व्यवसाय सरकारने सुरू केला की खासगी कंपन्यांनी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ‘पीआरओ’ म्हणजे बातम्या छापून आणणारा माणूस असेच का समजले जाते, असे आपण विचारले आहे. मी जळगावात आधी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि नंतर जिल्ह्यातल्याच एका सहकारी संस्थेत जनसंपर्क अधिकारी झालो. त्यामुळे प्रेसनोटा कापण्याचे आणि पाठवण्याचे अशी दोन्ही कामे माझ्या हातून झाली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सरकारने’ असे आहे आणि दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच दडलेले आहे.

पाठ्यपुस्तके या इतिहासाची सुरुवात अशोकाच्या शिलालेखांपासून करतात. परीक्षेत तसे खुशाल लिहावे, परंतु त्या हिशेबाने गावात दवंडी पिटणारा कोतवालही आमचा पूर्वज ठरतो. पगारी माणसे नेमून, कचेरी थाटून हे काम आपल्याकडे सुरू झाले ते पहिल्या महायुद्धात. सरकारला सैन्यभरती करायची होती, युद्धकर्ज उभे करायचे होते आणि अफवांनाही तोंड द्यायचे होते. त्यासाठी मध्यवर्ती प्रसिद्धी मंडळ नेमण्यात आले आणि त्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक स्टॅनले रीड यांच्यावर महत्त्वाची जबाबदारी सोपवली गेली. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सिमल्याला गृह खात्याखाली एक छोटा माहिती कक्ष उघडला, ज्याचे प्रमुख अलाहाबाद विद्यापीठातले प्राध्यापक रशब्रुक विल्यम्स होते. १९४१ मध्ये जे. नटराजन त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले आणि १९४६ मध्ये त्याला पत्र सूचना कार्यालय, म्हणजे आजचे पीआयबी, हे नाव मिळाले. प्रसिद्धी म्हणजे वरून खाली दिलेली माहिती, हा संस्कार या जन्मकथेतच आहे.

दुसरा धागा रेल्वेचा आहे, आणि भुसावळच्या वाचकांना तो जवळचा वाटावा. अमेरिकेत १९०६ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अपघाताची माहिती दडवून न ठेवता कंपनीचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी ती स्वतःहून पत्रकारांच्या हाती दिली, आणि तेथील व्यवसायाचा इतिहास सांगताना हा प्रसंग हमखास सांगितला जातो. आपल्याकडे जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रसिद्धी करून प्रवासी मिळवण्याचा प्रयत्न केला आणि देशात जत्रांमधून उघड्यावर फिरता सिनेमा दाखवला. दोन्हीकडे रेल्वेच होती, परंतु तेथे प्रश्न कंपनीवरच्या विश्वासाचा होता, तर येथे तिकिटे खपवण्याचा होता.

सरकार ज्याला प्रसिद्धी म्हणत होते त्याच्या कितीतरी पुढचे काम बिनपगारी माणसे करत होती, हे मात्र नोंदवले पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि सजावट नंदलाल बोस यांची होती, जिच्यासाठी बांबूसारखे साधे गावठी साहित्य वापरण्यात आले. काँग्रेस खेड्यांची आहे हे त्या मांडवाने जितके लोकांपर्यंत पोचवले, तितके कोणत्याही पत्रकाने पोचवले नसते.

स्वातंत्र्यानंतर सरकारी प्रसिद्धीचा पसारा वाढला. पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठी १९५३ मध्ये उभी राहिलेली यंत्रणा पुढे क्षेत्रीय प्रचार संचालनालय झाली. खासगी क्षेत्रात टाटांनी १९४० च्या दशकातच मुंबईत जनसंपर्क विभाग काढला होता, परंतु असे उद्योग मोजकेच. व्यवसाय म्हणून ओळख आली ती पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियामुळे: १९५८ मध्ये स्थापना, १९६६ मध्ये नोंदणी आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीतील पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहितेचा स्वीकार. तो दिवस आता राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. आपण ज्या ‘पीआर एजन्सी’ ऐकता त्यांची खरी भरभराट १९९१ च्या उदारीकरणानंतरची आहे, आणि त्यांची कार्यालये प्रामुख्याने मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत राहिली.

जिल्ह्याला मात्र सरकारी वळणच मिळाले. आमच्या उपसंपादकीच्या काळात जिल्हा माहिती कार्यालयातून सायक्लोस्टाईल केलेले कागद यायचे आणि चोपडा, यावलकडच्या प्रेसनोटा एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकिटातून यायच्या. सहकारी संस्थांनी, कारखान्यांनी आणि शिक्षण संस्थांनी पीआरओ नेमले तेव्हा त्यांच्यासमोर नमुना हाच होता. त्याचे काम ठरलेले असे: साहेबांचे नाव वरच्या ओळीत, उपस्थितांची यादी खाली, आणि सकाळी एखाद्या संचालकाचा फोन, “आपलं नाव पेपरमा उनं का?”

माझ्या हातून घडलेले सांगतो. आमच्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची बातमी आदल्या संध्याकाळीच लिहून तयार असायची, कारण सभा संपेपर्यंत थांबले तर तालुक्याच्या अंकाचे पान निघून जायचे. ‘सर्व विषय खेळीमेळीच्या वातावरणात एकमताने मंजूर करण्यात आले’ हे वाक्य मी दरवर्षी तसेच्या तसे उतरवत असे. एका वर्षी ताळेबंदाच्या विषयावर सभासदांनी माईक हिसकावला, खुर्च्या उडाल्या आणि सभा तहकूब झाली, तरी दुसऱ्या दिवशी एका पेपरात खेळीमेळीचे वातावरण छापून आले, कारण माझी प्रेसनोट दुपारीच गेली होती. त्यानंतर आठवडाभर सभासद कार्यालयात तो अंक घेऊन येत आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवून जात. अमेरिकेतला तो रेल्वे अपघात मी पुस्तकात वाचला होता, पण त्याचा अर्थ मला त्या टेबलाजवळ बसून कळला. सभा मोडली हे मीच त्या रात्री पेपरांना कळवले असते, तर निदान पुढच्या वर्षीची बातमी कोणी खरी मानली असती.

आता पाकिटे आणि कंडक्टर राहिले नाहीत. माझ्या जागी आलेला तरुण सभा चालू असतानाच व्हॉट्सअ‍ॅपच्या पत्रकार ग्रुपवर आठ फोटो टाकतो, आणि खालच्या मजकुरात वातावरण अजूनही खेळीमेळीचेच असते.