पॉवर विडरच्या फ्लायव्हीलची की पुन्हा पुन्हा का तुटते?

खानापूर तालुक्यातून आपण लिहिले आहे त्याप्रमाणे, उसाच्या भांगलणीसाठी घेतलेल्या सात अश्वशक्तीच्या पेट्रोल पॉवर विडरच्या फ्लायव्हीलची (इंजिनाच्या जड चाकाची) की, म्हणजे ते चाक दांड्यावर नेमक्या जागी बसवणारी लहान पट्टी, दोन महिन्यांत तीन वेळा तुटली, शेवटची तर शेतात न जाता गोठ्यासमोर दोरी ओढतानाच तुटली, आणि आता गावातील मिस्त्री कडक पोलादाची की घडवून बसवू म्हणतात. ती बसवावी का, असा आपला प्रश्न आहे. बसवू नये. उद्यमबागेत मी बरीच वर्षे लेथवर काढली आणि आता बेळगावातच लहान इंजिने दुरुस्त करतो. ड्रिलच्या दांड्यातून घासून अशी कडक की मीही एकदा तयार केली होती. ती शाबूत राहिली, पण क्रँकवरचा (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचा) तिचा गाळा, म्हणजे खाच, रुंदावला आणि अखेर अख्खा क्रँक बदलावा लागला. (मराठीत वाक्यावाक्याला दुसराच ‘की’ आडवा येतो, म्हणून पुढे मी तिला चावी म्हणतो.)

मुळात इंजिनाचा जोर चावी पेलतच नाही. क्रँकचे टोक निमुळते असते, फ्लायव्हीलचे भोकही त्याच उताराचे असते, आणि नट आवळल्यावर हे दोन्ही टेपर एकमेकांत इतके घट्ट रुततात, की सगळा जोर त्यांच्या घर्षणावरच तोलला जातो. जोडणीच्या वेळी फ्लायव्हीलमधील ठिणगी पाडणारा लोहचुंबक नेमक्या कोनात राहावा, एवढ्यासाठीच चावी असते. चावी तुटली, म्हणजे त्याआधी टेपरची पकड सुटली होती.

आपली तिसरी चावी अंगणात तुटली, हा यातला सर्वांत उपयोगी धागा आहे. खानापूरच्या रानात जांभ्या दगडाला किंवा उसाच्या जुन्या बुडख्याला पाती अडकली, तर क्रँक एकदम थांबतो आणि जड फ्लायव्हील आपल्या वेगाने थोडे पुढे सरकते. २० मि.मी. व्यासाच्या टोकावर १ मि.मी. सरकले तरी जवळपास ६ अंशांचा फरक पडतो. होंडा जीएक्स १६० या इंजिनात ठिणगी मुळातच पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या २५ अंश आधी पडते. चुंबक पुढे सरकला म्हणजे ती त्याहूनही आधी पडते, दोरी हाताला उलटा हिसका देते, आणि त्या हिसक्याने अर्धवट कापलेली चावी उरलीसुरली तुटते. शिवाय प्रत्येक घसरणीत टेपरवर ओरखडे पडतात, त्यामुळे नवी चावी घातली तरी पुढची पकड आधीहून कमीच असते. आपला विडर पट्ट्यावर चालतो, की थेट गिअरवर, हे आपण लिहिलेले नाही. पट्टा असेल तर तो घसरून धक्का बराचसा गिळतो, आणि मग दगडाला दोष न देता संशय सरळ टेपरवर घ्यावा.

फ्लायव्हील पुलरनेच (स्क्रूने ओढून काढणाऱ्या हत्याराने) काढावे. हातोडा मारून काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण तिने क्रँकचे आटे आणि बेअरिंग दोन्ही खराब होतात. दोन्ही टेपर थिनरने पुसून कोरडे करावेत. मग चावी न घालता फ्लायव्हील हाताने दाबून बसवावे आणि क्रँकच्या टोकापासून हबच्या (फ्लायव्हीलच्या मधल्या भागाच्या) तोंडापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजावे. त्यानंतर चावी घालून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्ही मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. चावी घातल्यावर फ्लायव्हील किंचितही वर राहत असेल, तर ती चावीच उंच आहे, हबला उचलून धरते आहे आणि टेपरला टेकू देत नाही. अशा वेळी नट कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. हाताने घडवलेल्या चाव्यांत हा दोष मी अनेकदा पाहिला आहे, आणि आपल्या पहिल्या चावीनंतरच्या चाव्या कुठून आल्या, हे आधी विचारून घ्यावे.

माप जुळत असेल तर टेपरवर ब्लू (कुठे टेकते ते दाखवणारा निळा रंग) लावून फ्लायव्हील दाबावे आणि डाग कुठे उमटतो ते पाहावे. डाग सगळीकडे सारखा न येता एका कडेलाच येत असेल, तर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून, चावीविना, फ्लायव्हील थोडे पुढे-मागे फिरवत आणि मधूनमधून उचलून जागा बदलत घासावे. ऑइल सीलजवळ कापड कोंबायला विसरू नये. घासणे बेताचेच असावे, कारण जास्त घासले तर फ्लायव्हील आत बसत जाते. शेवटी पेस्टचा कणही उरता कामा नये, आणि जोडताना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नये. हबला चीर असेल किंवा गाळ्याच्या कडा दबल्या असतील, तर मात्र घासण्यात वेळ न घालवता तो भाग बदलावा.

आता नट. जीएक्स १६० साठी तो ७५ न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेत मिळेल. टॉर्क पाना नसेल तर पान्याला पाइप लावून, नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर, ताणकाट्याने काटकोनात १५ किलो ओढ द्यावी, म्हणजे जवळपास तेवढाच जोर होतो. फ्लायव्हील धरण्यासाठी पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवू नये, पट्ट्याचा पाना वापरावा. या घडणीच्या इंजिनांत नट आणि फ्लायव्हील यांच्या मध्ये प्लास्टिकचा पंखा आणि दोरीची वाटी असते. त्यांचे उंचवटे आपापल्या भोकांत बसले नाहीत, तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो वाटीवरच दाबलेला असतो आणि तासाभरात सैल होतो.

जोडल्यावर कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) आणि फ्लायव्हील यांच्यामधील फट तपासावी. जीएक्स १६० मध्ये ती ०.४ मि.मी. असते. दोरी दोनतीनदा ओढून हिसका येत नाही याची खात्री करावी, नंतर इंजिन अर्धा तास मोकळे चालवून, पूर्ण थंड झाल्यावर, प्लगची टोपी काढून ठेवून त्याच जोराने नट एकदा पुन्हा पाहावा. तो तेव्हा फिरला, तर विडर शेतात नेऊ नये आणि अंतर मोजण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.