वाचक विचारतात : रिव्हेटने जोडलेले रुपेरी ट्रेलर

प्रश्न : अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेले, मोटारीच्या मागे जोडून ओढून नेण्याचे ॲल्युमिनियमचे प्रवासी ट्रेलर (चाकांवरची राहती घरे) आजही वापरात आहेत आणि जाणकार ते हौसेने दुरुस्त करून घेतात. त्यांना ‘हाताने घडवलेले’ म्हणण्यात कितपत तथ्य आहे? त्यांच्या दीर्घायुष्याचा या हातकामाशी खरोखर संबंध आहे, की हे केवळ जुन्या वस्तूंचे आकर्षण आहे?

उत्तर : संबंध आहे, आणि तो समजून घ्यायचा तर विमानांच्या कारखान्यापासून सुरुवात करावी लागते. हॉली बोलस हे मुळात ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांचे, रचनाकार. अटलांटिक महासागर एकट्याने विनाथांबा पार करणारे वैमानिक लिंडबर्ग यांचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमान ज्या रायन कंपनीत तयार झाले, तेथील बांधणीच्या कामात त्यांचा प्रमुख वाटा होता. त्यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘रोड चीफ’ हा रिव्हेटने (पत्र्यांच्या छिद्रांतून घालून टोक चेपून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी) जोडलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. त्यांचा व्यवसाय बंद पडल्यावर एअरस्ट्रीम कंपनीचे संस्थापक वॉली बायम यांनी ती रचना पुढे नेली, मोटारीला जोडायच्या दांड्याच्या वर, अगदी पुढच्या टोकाला असलेला दरवाजा बाजूच्या भिंतीत आणला आणि १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १,२०० डॉलरना विक्रीस ठेवला. महायुद्धानंतर टल्सा येथील स्पार्टन या विमान कंपनीनेही असेच ट्रेलर बांधले, त्यामुळे हे तंत्र एका कंपनीपुरते राहिले नाही.

या ट्रेलरांत पोलादी चॅसिसवर (चाकांवरच्या चौकटीवर) प्लायवूडची फरशी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या कमानींचा सांगाडा उभा राहतो आणि त्यावर एकमेकांवर थोडे चढवलेले पत्रे रिव्हेटने बसवले जातात. पत्रा येथे केवळ आवरण नसतो. विमानाच्या धडाप्रमाणे तोही भार वाहतो. म्हणूनच प्रत्येक रिव्हेट नीट बसणे महत्त्वाचे ठरते, आणि त्यासाठी दोन कारागीर लागतात. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारा हातोडा रिव्हेटच्या डोक्यावर धरतो, दुसरा आतून तिच्या शेपटीला पोलादी ठोकळा टेकवतो आणि शेपटी चेपली जाऊन पत्रे आवळले जातात. मध्ये पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत; आवाज आणि हाताला जाणवणारी थरथर यांवरून ताल जुळवावा लागतो. ठोका जास्त पडला तर पत्र्याला खळगा पडतो, कमी पडला तर सांधा सैल राहतो. ओहायोतील जॅक्सन सेंटर येथे १९५२ पासून एअरस्ट्रीमचे ट्रेलर बांधले जातात आणि बाहेरच्या पत्र्यांच्या रिव्हेट आजही तेथे अशाच जोडीने ठोकल्या जातात.

सर्वांत अवघड भाग म्हणजे दोन्ही टोकांचे घुमट. सपाट पत्रा एकाच वेळी दोन दिशांना सहज वाकत नाही, म्हणून घुमट निमुळत्या पट्ट्या जुळवून करतात. जुन्या काळी या पट्ट्या अरुंद आणि संख्येने अधिक असत. तेरा पट्ट्यांचे घुमट जाणकारांना विशेष प्रिय आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण तेथे एका पट्टीची चूक पुढच्या प्रत्येक पट्टीत वाढत जाते.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. रिव्हेट छिद्र पाडून काढता येते आणि खराब झालेला तेवढाच पत्रा बदलून त्याच जागी नवा बसवता येतो. असे ट्रेलर दीर्घकाळ टिकतात ते मुख्यतः यामुळे, कारण त्यांचा प्रत्येक सांधा पुन्हा उघडता येतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एअरस्ट्रीमचा १९६३ चा ‘बॅम्बी’ ट्रेलर जतन केलेला आहे. त्याचे सौंदर्य वरून चढवलेले नसून तो कसा बांधला हे रिव्हेटच्या ओळींतून सरळ वाचता येते, यात आहे.

प्रश्न : असा जुना ट्रेलर घेताना प्रथम काय पाहावे?

उत्तर : पत्र्याकडे शेवटी पाहावे. खरे नुकसान फरशीत असते. खिडक्या, दिवे आणि सांध्यांतून झिरपलेले पाणी भिंतीच्या आतून उतरून प्लायवूडच्या कडेला साचते आणि लाकूड कुजते. फरशीच्या कडा, विशेषतः मागच्या बाजूच्या, टोचून पाहाव्यात. मागच्या बंपरवर उभे राहून अंगाचा भार द्यावा. बंपर खाली जाऊन वरचे कवच जागीच राहिले तर कवच आणि चॅसिस यांची पकड सुटली आहे असे समजावे. जेथे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तेथे ओलाव्यामुळे ॲल्युमिनियम झिजते, तेही तपासावे. १९६० च्या दशकापासूनच्या बऱ्याच ट्रेलरांच्या ॲक्सलमध्ये (चाके जोडणाऱ्या आसात) स्प्रिंगऐवजी रबर असते. ट्रेलर वर्षानुवर्षे उभा राहिला की ते कडक होते आणि रस्त्याचे सर्व धक्के थेट रिव्हेटवर येतात, त्यामुळे ॲक्सल बदलण्याचा खर्च आधीच गृहीत धरावा.

प्रश्न : काळवंडलेला पत्रा आरशासारखा करता येतो का?

उत्तर : बहुतेक वेळा येतो. अनेक जुन्या ट्रेलरांत मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेला पत्रा वापरलेला आहे. गंजापासून संरक्षण तोच थर करतो आणि चकाकीही त्यालाच येते. पूर्वी लावलेला पारदर्शक लेप असल्यास तो आधी पूर्ण उतरवावा, मग पॉलिशने सावकाश, थोड्या थोड्या भागावर काम करावे. खोल ओरखडे घालवण्याच्या मोहात सँडपेपर वापरू नये, कारण शुद्ध थर घासून गेला की खालचा मिश्रधातू उघडा पडतो आणि तो तुलनेने लवकर गंजतो.