'पाकिटातला पगार' म्हणावं का?

एका भाषांतरकार मैत्रिणीने विचारलं आहे: पोलंड, युक्रेन, रशियातल्या परकीय गुंतवणुकीवरच्या लेखात 'शॅडो इकॉनॉमी'ला, म्हणजे सरकारी नोंदीत न येणाऱ्या व्यवहारांना, 'काळी अर्थव्यवस्था' आणि 'एन्व्हलप वेजेस'ला 'पाकिटातला पगार' चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत.

मराठीत 'पाकीट पोचवलं' म्हटलं की आधी लाच आठवते. युक्रेनमधल्या या पगारात लाच नसते. शिवणकारखान्यातल्या बाईला कागदावर किमान वेतन दाखवतात आणि उरलेले पैसे महिनाअखेरीस रोख हातात ठेवतात. काम खरं, कष्ट खरे, खोटा असतो तो वहीतला आकडा. मालकाचा सामाजिक विम्याचा हप्ता वाचतो. तिचं पेन्शन मात्र त्या तुटपुंज्या आकड्यावर ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं. तिथल्या सरकारने २०१६ पासून हा हप्ता बराच खाली, २२ टक्क्यांवर आणला, तो असे पगार वहीत यावेत म्हणूनच. मी इथे 'कागदाबाहेरचा पगार' म्हणेन. 'कागदावर एक, हातात एक' हे आपल्याकडे कुणालाही समजवावं लागत नाही.

आता 'काळी'. रशियनमध्ये पगाराचे रंगच ठरलेले आहेत: पूर्ण नोंदलेला तो 'बेलाया' म्हणजे पांढरा, थोडा वहीत आणि थोडा हातात तो 'सेराया' म्हणजे करडा, नोंदच नसलेला तो 'च्योर्नाया', काळा. त्या बाईचा पगार करडा. पोलिश लोकही या साऱ्या व्यवहाराला 'शारा स्त्रेफा', करडा पट्टा, म्हणतात. आपला 'काळा' शब्द तस्करी आणि लाचखोरी सोबत घेऊन येतो, आणि मग लेखाचा मुद्दाच निसटतो. परदेशी कंपनीची वही लेखापरीक्षक तपासतात, त्यामुळे तिला सगळा पगार दाखवून त्यावरचा हप्ता भरावा लागतो. शेजारचा कारखानदार तो वाचवतो आणि तसाच शर्ट स्वस्तात विकतो. बरं, त्याचाच कारखाना विकत घ्यावा म्हटलं, तर नफा वहीतला धरायचा की मालक तोंडी सांगतो तो? वर जुन्या थकलेल्या कराचं लचांड गळ्यात पडतं ते वेगळंच. एवढ्यावरून सौदे मोडतात.

'असंघटित' म्हटलं की आपल्याला घरकामगार, फेरीवाले दिसतात. इथे तर गेटवर पाटी असलेला रीतसर कारखाना आहे. 'अनौपचारिक' चुकीचा नाही, पण तो गप्पांना आणि बैठकांना शोभतो. 'नोंदीबाहेरची अर्थव्यवस्था' लिहा. लांब आहे, पण नेमकं आहे.

'ट्रान्झिशन'साठी, म्हणजे या देशांच्या साम्यवादी अर्थव्यवस्थेतून बाजाराच्या अर्थव्यवस्थेकडे जाण्यासाठी, तुम्ही लेखात योजलेला 'संक्रमण' मात्र मुळीच बदलू नका. हिंदी बातम्या ऐकून आपल्यालाही तो रोगाचा शब्द वाटायला लागला आहे. रोगासाठी आपल्याकडे 'संसर्ग' आहे. संक्रमण म्हणजे सूर्य मकरेत जातो ते.