पिचरचं कोपर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या पिचरचं (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं) ‘टॉमी जॉन’ झालं म्हणतात आणि तो वर्ष-दीड वर्ष दिसेनासा होतो. म्हणजे काय होतं? कारकीर्द संपते का?

उत्तर : बहुतेकांची संपत नाही. ही कोपराची शस्त्रक्रिया; नाव पडलं ते टॉमी जॉनवरून. तो लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर. १९७४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना हाड जोडणारा पट्टा) तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हाताचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढला, कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून तो ओवून बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत!

चेंडू फेकताना छाती पुढे येते, पण हात अजून मागेच वळलेला असतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उसवल्यासारखी ताणली जाते. हाताचे स्नायू ताजे असले तर ते त्यातला बराच भार उचलतात. ते थकले की सगळा ताण लिगामेंटवर जातो.

घोटाळा होतो तो परतताना. चार-पाच महिन्यांनी ४५ फुटांवरून हलकी फेक सुरू होते, मग अंतर वाढवत नेतात. माउंडवरून (पिचरच्या मातीच्या उंचवट्यावरून) फेकणं बरंच नंतर, आणि सामना साधारण १२ ते १८ महिन्यांनी. दुखणं मात्र कितीतरी आधी थांबतं. तिथेच घाई होते, कारण बसवलेल्या टेंडनला लिगामेंटचं काम पेलायला वेळ लागतो.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे, आठवड्यात दोन सामने पिच करतो. चालेल?

उत्तर : इनिंग मोजू नका, फेकी मोजा. एक इनिंग ९ फेकींत संपते, दुसरी ३५ खाते. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमांत १५-१६ वर्षांसाठी दिवसाला ९५ फेकींची मर्यादा आहे. ३० पर्यंत सुट्टी नको, ४५ पर्यंत एक दिवस, ६० पर्यंत दोन, ७५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार दिवस विश्रांती. सरावातल्या फेकी या हिशेबात येत नाहीत. हातावर ताण मात्र त्यांचाही येतो. पिच केलं त्याच दिवशी त्याला कॅचर (पिचरची फेक झेलणारा) म्हणून उभं करू नका. आकडा पूर्ण व्हायच्या आधीच कोपर खाली येऊ लागलं, चेंडू वर जाऊ लागले किंवा वेग उतरला, तर त्याला लगेच काढून घ्या.