अटिकमध्ये मटेरियल भरायच्या आधी फटी बुजवा

ताई, तुम्ही विचारलंय की ऐरोलीचा फ्लॅट विकून कॅनडात ऑटवाला जाताय, जुनं घर पसंत केलंय, तर घराची ऊब टिकवायला अटिकमध्ये, म्हणजे सिलिंग आणि छत यांच्यामधल्या माळ्यावर, गुलाबी फायबरग्लास (काचतंतूंच्या गाद्या) घालू की स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस). मी तिथे नऊ वर्षं आहे, सध्या वर्तकनगरला आईकडे आलोय, निवांत आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डोक्यातून आपला टॉप फ्लोअर काढा. इथे स्लॅब तापतो म्हणून सोसायटी गच्चीवर पत्र्याची शेड घालते. तिथे थंडीत उलटं, घरातली गरम हवा सिलिंगच्या फटींतून वर निसटते आणि आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ पण सोबत नेते. पहिल्याच जानेवारीत टॉर्च घेऊन वर चढलो तर छतातून आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला पांढरं हिव जमलेलं, आणि फायबरग्लासच्या गाद्यांवर जिथून हवा गळत होती तिथे काळे डाग, फडक्यातून गाळल्यावर धूळ राहते ना तसे. बाथरूमच्या पंख्याचा पाइप आधीच्या कोणीतरी अटिकमध्येच सोडलेला! मार्चमध्ये ते सगळं वितळून बेडरूमच्या सिलिंगवर उतरलं.

म्हणून आधी वायरींची भोकं, अटिकचं झाकण, सगळं सील करा, पंख्याचा पाइप छताबाहेर काढा. जुने सिलिंगमधले लाइट तापतात, त्यांना फोम मारू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मग मटेरियल. मी सेल्युलोज घेतलं, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, बोरेट लावलेला असतो म्हणून सहज पेटत नाही, मशीनने उडवून भरतात आणि कानाकोपऱ्यात बसतो. आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा जितका मोठा तितकं चांगलं. भुग्याला इंचाला साधारण आर-३.५ मिळतो, आर-६० हवा तर १७ इंच लागतात, थोडा खाली बसतो म्हणून जरा जास्तच भरा. फायबरग्लासच्या गाद्या वाईट नाहीत पण नीट कापून बसवल्या नाहीत तर फटी राहतात. क्लोज्ड सेल (बंद बुडबुड्यांचा, घट्ट) स्प्रे फोम इंचाला आर-६ च्या आसपास देतो पण महाग, सपाट मोकळ्या अटिकला माझ्या मते गरज नाही, उंची कमी असेल तिथेच विचार करा. आणि छताच्या कडेला हवा यायच्या जाळ्या असतात त्या भुग्याने बुजवू नका, तिथे थर्माकोलच्या पन्हळी लावून घ्या, नाहीतर ओल धरते.

एक मात्र नक्की करा, ऑफर देण्याआधी घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला अटिकमध्ये चढायला लावा. करड्या-सोनेरी चकचकीत खड्यांसारखं काही पसरलेलं दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट, जुन्या घरांत भरलेलं एक खनिज, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, हात लावू नका, मुलांना वर चढू देऊ नका, आणि काढायचा खर्च धरूनच भाव बोला.