समुद्राजवळच्या केमिकल प्लांटमध्ये ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप चालेल का, की ३१६एल ग्रेडचाच घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते मिठाच्या पाण्याच्या लाइनबद्दल, ६०-७० डिग्री तापमान, तर ३०४ घेऊच नका. स्टेनलेस गंजत नाही हा समज क्लोराइड (मिठाच्या पाण्यात असतं तेच) भेटेपर्यंतच खरा असतो. मी कोकणातल्या एका प्लांटला मेंटेनन्समध्ये होतो, तिथं ३०४ ची लाइन बाहेरून चकचकीत दिसायची आणि वेल्डच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं तपकिरी भोक पडून थेंब थेंब गळायची, हात लावला की बोटाला गंज लागायचा.

३१६एलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते पिटिंगला, म्हणजे अशी बारीक भोकं पाडणाऱ्या गंजाला, जास्त टिकतं, आणि एल म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डजवळचा भाग कमजोर पडत नाही. पण तुमच्या तापमानाला क्लोराइड असेल तर ३१६एललासुद्धा ताणामुळे तडे जाऊ शकतात, तिथं डुप्लेक्स २२०५ हा स्टेनलेसचाच वेगळा ग्रेड बघा, महाग आहे पण लाइन दोनदा टाकण्यापेक्षा परवडतं. हायड्रोक्लोरिक अॅसिड असेल तर मात्र स्टेनलेसचा विषयच सोडा, आतून पीटीएफई (टेफ्लॉन) लावलेला पाइप घ्या.

अजून एक, चुंबकानं ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही हो, दुकानदार काहीही सांगू दे. पाइप बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, पाइपवरचा हीट नंबर (स्टीलच्या घाणाचा नंबर) त्याच्याशी जुळवा, आणि वेल्डिंगनंतर पिकलिंग-पॅसिव्हेशन (अॅसिडनं साफ करून वरचा संरक्षक थर परत आणणं) करूनच घ्या. हायड्रोटेस्टचं, म्हणजे दाबानं पाणी भरून गळती तपासतात त्याचं, पाणी लाइनमध्ये तसंच ठेवू नका, लगेच काढून सुकवा.