दिसलं ते लिही

प्रिय डॉक्टर,

अटकेतला माणूस तळपायांच्या नुसत्या कडा टेकवत चालत आला, हवालदार ‘मॅडम, रुटीन मेडिकल आहे’ म्हणाला, तू ‘मुका मार’ लिहून सही केलीस आणि आता झोप येत नाही. वर विचारतेस, मी डॉक्टर, न्यायाधीश नव्हे, मग यात पडू का?

अगं, सही तुझी आहे, म्हणजे तू पडलीच आहेस! निवाडा कुणी मागितलाय? दिसलं ते लिही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाच्या कायद्याचं, कलम ५३ वाच. जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या अंदाजे कधीच्या, हे नोंदवायचं आणि प्रत त्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला द्यायची. हवालदाराला बाहेर, ऐकू जाणार नाही इतकं लांब उभा कर. कपडे काढून तपास, तळपायांसकट. लाठीचा वळ म्हणजे दोन समांतर रेघा, मधली पट्टी फिकी. तो तसाच लिही, सेंटिमीटरमध्ये, रंगासकट. पिवळा पडलेला वळ आजचा नसतो. तो मालवणीत सांगत असेल तर त्याचे शब्द मालवणीतच उतरव.

१९८५ साली दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला, वेंडी ऑर ही तुझ्यासारखीच तरुण सरकारी डॉक्टर होती. कैद्यांच्या अंगावर दिसलं ते तिने लिहिलं आणि ते घेऊन कोर्टात गेली. कोर्टाने पोलिसांना मारहाणीची मनाई केली. तिचं कैदी तपासण्याचं काम काढून घेतलं, पण नोंदी राहिल्या.

आपल्याकडे अडचण वेगळी, हे मला कळतं. फौजदार चतुर्थीला आपल्याच घरी आरतीला येतो. मीही त्याला मोदक वाढलेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कोठडीतल्या माणसाचे वळ मोजलेत. भर पावसात बदली झाली, मुलीची शाळा मोडली. लोक म्हणतात, एवढं होतं तर पेपरात का नाही दिलंत? नाही दिलं. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, केसपेपर वर्षांनंतरही कोर्टात वाचला जातो. मी हेकट असेन, पण यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सांगितलंय. त्याला परत आणतील. आणला नाही तर लेखी विचारणा कर. आणला की तळपाय बघ. जुन्या नोंदीत खाडाखोड नको. खाली नवीन लिही, तारीख-वेळ घालून.